म्हैसूरच्या महालांतील नवअभिजात शैली : स्तंभ वाचावा कसा?

म्हैसूरच्या वास्तूंवरील टिपणांत ‘युरोपीय शैलीचे भव्य स्तंभ’ एवढे लिहून बहुधा काम भागवले जाते. या वर्णनातून विद्यार्थ्याच्या हाती काहीच लागत नाही. स्तंभ दिसला की दोन प्रश्न विचारा : तो काय पेलतो, आणि त्याच्या मागे काय आहे?

मुंबईचा १८३३चा टाउन हॉल आठवा. डोरिक स्तंभांची रांग, तिच्यावर आडवी पट्टी, त्यावर त्रिकोणी पेडिमेंट. ग्रीक मंदिराचा हा दर्शनी भाग त्या काळात जगभर फिरला. अमेरिकेतल्या लहान गावांत लोकांनी तो घरांपुढे चक्क लाकडात उभारला. दक्षिण भारतात तो बहुधा विटा आणि चुन्याच्या गिलाव्यात आला.

म्हैसूरमधील सुरुवातीचे उदाहरण म्हणजे रेसिडेंटसाठी १८०५च्या सुमारास बांधलेले गव्हर्नमेंट हाउस. बाहेर डोरिक स्तंभ आहेत, पण द हॅव्हिलंड या लष्करी अभियंत्याने रचलेल्या मेजवानीच्या दालनात एकही खांब नाही. माझ्या मते या वास्तूचे खरे धाडस त्या मोकळ्या गाळ्यात आहे. दर्शनी भाग केवळ अधिकाराची ओळख सांगतो.

चामुंडी टेकडीच्या पायथ्याचा ललित महाल सर्वांना ठाऊक असतो. मुंबईचे वास्तुरचनाकार फ्रिचली यांनी त्याचा आराखडा केला, पायाभरणी १९२१ची. जोडीजोडीने उभे आयोनिक स्तंभ डौलदार आहेत, यात शंका नाही. घुमट मात्र लंडनच्या सेंट पॉल कॅथेड्रलची आठवण करून देण्यासाठी आहे. रेनने तिथे आतला आणि बाहेरचा घुमट वेगळे ठेवून त्यांच्यामध्ये विटांचा शंकू घातला, कारण वरच्या दगडी मनोऱ्याचे वजन पेलायचे होते. ललित महालात त्या अडचणीचे उत्तर आले नाही, फक्त बाह्यरेषा आली. लांबून पाहावी अशी ही इमारत आहे.

मानसगंगोत्री परिसरातील जयलक्ष्मी विलास (१९०५) मला अधिक मोलाचा वाटतो. राजकन्या जयलक्ष्मम्मण्णी यांच्यासाठी बांधलेल्या या महालात कोणत्याही एका इमारतीची नक्कल नाही. पुढे कॉरिंथियन स्तंभांच्या जोड्या आहेत, पण दर्शनी भागावर गजलक्ष्मी विराजमान आहे. आत गेलात की कल्याणमंडप आणि कोरीव लाकूडकाम. म्हणजे बाहेरची शिस्त पाहुण्यासाठी, आतली घरच्या लग्नकार्यासाठी. दोन्ही एकमेकींत मिसळत नाहीत, आणि तसा प्रयत्नही केलेला नाही. काही जाणकार याला गोंधळ म्हणतील. मला हा समंजसपणा वाटतो. (तिथले लोककला संग्रहालय पाहायला जाणारे दारावरची गजलक्ष्मी न पाहताच आत शिरतात.)

स्तंभाला ‘सजावट’ म्हटले की त्याची दुरुस्तीही सजावटीसारखी होते. भेग दिसली, सिमेंट थापले, वर रंग दिला. चुन्याचा गिलावा ओल बाहेर सोडतो. सिमेंट ती आत कोंडते. मग क्षार साचतात, विटेचा भुगा होऊ लागतो आणि नवा थर जुन्यासकट सुटतो. जयलक्ष्मी विलासचा जीर्णोद्धार एकदा इन्फोसिस फाउंडेशनच्या साहाय्याने झाला आहे. पण देखभाल एकदाच करून संपत नसते.

अभ्यास-भेटीला जाल तेव्हा दोन स्तंभांमधले अंतर मोजा, वरची आडवी पट्टी दगडी आहे की विटांची सपाट कमान आहे ते विचारा आणि परवानगी घेऊन गिलाव्यावर हलकी टिचकी मारा. आवाज पोकळ आला तर ती जागा आराखड्यावर टिपून ठेवा.