कथा, जात आणि जाहिरात

एका लग्नाच्या निमित्तानें वाशीम जिल्ह्यांतील जऊळका या गांवीं जाण्याचा मला योग आला. अकोल्याहून पूर्णेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचें हें एक लहानसें स्टेशन. पूर्वीं या मार्गानें मीटर गेजची गाडी रमतगमत जात असे. २००८ सालीं रूळ रुंद झाले आणि वऱ्हाडांतला हा कोपरा मोठ्या गाड्यांच्या वाटेवर आला. संध्याकाळीं वरात निघाली. पुढें ध्वनिवर्धकांनीं लादलेली गाडी, मागें नाचणारी तरुण मंडळी, आणि गाणें लागलें होतें 'झिंगाट'. ज्या घराच्या ओट्यावर आम्ही बसलों होतों तेथें नवरदेवाच्या नात्यांतल्या एक वृद्ध बाई होत्या. त्यांनीं कांहीं वेळ तो नाच पाहिला आणि मला विचारलें, "भाऊ, ह्या शिनेमात तं शेवटी त्या दोघायले मारून टाकतेत ना? मंग हे गानं लग्नात काऊन वाजवतेत?"

त्या वेळीं मी हंसून वेळ मारून नेली. परंतु मागाहून विचार करूं लागलों, तसतसें माझ्या ध्यानांत येऊं लागलें कीं, चित्रपटाचें शास्त्र शिकविणाऱ्या वर्गांतून ज्या तीन विषयांचे तीन निरनिराळे तास होतात, ते तिन्ही विषय त्या बाईंनीं एका वाक्यांत गुंफले होते. कथा कशी सांगितली, चित्रपट कोणत्या जातीचा, आणि तो लोकांपुढें कोणत्या रूपानें मांडला गेला, हे तीन प्रश्न वेगवेगळे नाहींतच. 'सैराट' या एका चित्रपटाच्या आधारें ही गोष्ट वाचकांपुढें ठेवावी, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतु आहे.

प्रथम शब्दांचा अर्थ निश्चित करूं. कथा म्हणजे केवळ घडलेल्या घटना नव्हेत. त्या कोणत्या क्रमानें, कोणाच्या दृष्टीनें, किती सांगून आणि किती झांकून सांगितल्या, हें सर्व मिळून चित्रपटाची कथा होते. जात हा शब्द मी मुद्दाम योजला आहे. 'प्रकार' म्हटलें असतें तरी चाललें असतें. पण आपल्या समाजांत जन्मतःच माणसाच्या कपाळीं जी चिठ्ठी चिकटते, तिच्याशीं चित्रपटाच्या जातीचें थोडें साम्य आहे. आंत काय आहे हें पाहण्यापूर्वींच लोक चिठ्ठी वाचून वागूं लागतात. पौराणिक म्हटलें कीं हात जोडतात, विनोदी म्हटलें कीं हंसण्याच्या तयारीनें बसतात, प्रेमकथा म्हटली कीं मुलांना सोबत न्यावें कीं नाहीं याचा विचार करतात. भेद एवढाच कीं, चित्रपटाची जात हा खुषीचा करार असतो. प्रेक्षक पैसे देतो, आणि मोबदल्यांत एका विशिष्ट प्रकारचा आनंद मागतो. जाहिरात ही त्या कराराची दवंडी होय.

ही दवंडी आपल्या चित्रपटाइतकीच जुनी आहे. दादासाहेब फाळक्यांचा 'राजा हरिश्चंद्र' ३ मे १९१३ रोजीं मुंबईस गिरगांवांतील कॉरोनेशन चित्रगृहांत लोकांपुढें आला. पुढें सुरतेस त्याच्या पहिल्या खेळाला अवघे तीन रुपये जमले, तेव्हां सत्तावन्न हजार छायाचित्रें, दोन मैल लांबीचें चित्र, आणि दर फक्त तीन आणे, अशी जाहिरात फाळक्यांनीं केली व खेळ भरूं लागला, असें सांगतात. या जाहिरातींत हरिश्चंद्राच्या सत्त्वाचा उल्लेख नाहीं हें पाहण्यासारखें आहे. ती कथा लोकांना पाठच होती. विकावयाची होती ती नवलाई. यावरून एक नियम निघतो. जाहिरात सगळी कथा कधींच विकीत नाहीं; कथेचें जें अंग गिऱ्हाइकाच्या डोळ्यांत चटकन भरेल तेवढेंच ती पुढें करते. उरलेलें अंग चित्रगृहाच्या अंधारांत प्रेक्षकाची वाट पाहत असतें.

आतां 'सैराट'कडे वळूं. नागराज मंजुळे यांचा हा चित्रपट २९ एप्रिल २०१६ रोजीं प्रदर्शित झाला. नायिका रिंकू राजगुरू आणि नायक आकाश ठोसर हीं दोघेंही नवखीं. कथेचें स्थळ सोलापूर जिल्ह्यांतील करमाळ्याकडचा मुलूख, म्हणजे खुद्द दिग्दर्शकाचा प्रांत. अजय-अतुल यांच्या संगीताचा पाश्चात्य वाद्यवृंद अमेरिकेंत लॉस एंजल्स येथें मुद्रित झाला, आणि हीं गाणीं चित्रपटाच्या आधींच गांवोगांव पोंचलीं. लोकांनीं चिठ्ठी वाचली: प्रेमकथा. श्रीमंत पाटलाची मुलगी, गरीब कोळ्याचा मुलगा, विहीर, ऊस, घोडा, मित्रांच्या खोड्या. वृत्तपत्रांनीं या चित्रपटाचें उत्पन्न शंभर कोटींपलीकडे गेल्याचें सांगितलें. मराठी चित्रपटाला तोंवर असें यश ठाऊक नव्हतें.

या चिठ्ठीखालीं कथा मात्र वेगळ्याच वाटेनें जाते. पूर्वार्धांत बहुतेक सर्व गाणीं येऊन जातात. काळ सावकाश चालतो, पुष्कळदां तर मुद्दाम मंद केलेला असतो. प्रेमकथेची सारी रूढ लक्षणें येथें आहेत. एक लक्षण मात्र उलटें केलें आहे. बुलेट आणि ट्रॅक्टर चालविणारी, पुढाकार घेणारी, वेळीं बंदूक हातीं धरणारी ती मुलगी आहे. लाजणारा, गोंधळणारा तो मुलगा आहे. उत्तरार्धांत दोघें हैदराबादेस जातात, आणि गाणें थांबतें. भाषा परकी, खोली पत्र्याची, पोटासाठीं एकीला कारखान्यांत तर एकाला डोशाच्या गाडीवर राबणें. येथें काळ रोजच्या काळासारखा चालतो. संशय येतो, हात उगारला जातो, ती रागावून निघते, आणि परत येते. प्रेमकथा जेथें संपावयाची तेथून हा चित्रपट संसाराची कथा सांगूं लागतो. आणि तो संसार स्थिरावतो न स्थिरावतो तोंच माहेरची माणसें भेटवस्तु घेऊन दारांत येतात. चहा होतो. पुढचें आपणांस दाखवीत नाहींत. शेजारणीबरोबर बाहेर गेलेलें लहान मूल परत येतें, आंत पाहतें, आणि रडत बाहेर पडतें. त्याच्या पावलांचे रक्ताचे ठसे जमिनीवर उमटत जातात. आवाज पूर्णपणें नाहींसा झालेला असतो. ज्या चित्रपटानें लाखों लोकांना नाचविलें, त्याचा शेवट असा मुका आहे.

यावर एक आक्षेप सभ्य घरांतून मी स्वतः ऐकला आहे. आम्ही मुलांना प्रेमाचा खेळ म्हणून नेलें आणि रक्त पाहून आलों. ही प्रेक्षकाची फसवणूक नव्हे काय? मला हा आक्षेप मान्य नाहीं. फसवणूक ती, कीं जिच्यांत घेणाऱ्याला दिलेल्या किंमतीपेक्षां कमी मिळतें. येथें उलट झालें आहे. जातीच्या अभिमानापायीं होणाऱ्या खुनांवरचा चित्रपट अशी दवंडी पिटली असती, तर ज्यांना तो पाहण्याची गरज नाहीं तेच आले असते. आर्ची आणि परशा हीं प्रेक्षकाला आधीं आपल्या घरचीं मुलें वाटलीं पाहिजेत. तरच त्यांच्या मरणाचा जाब प्रेक्षक स्वतःला विचारील. प्रेमकथेची चिठ्ठी ही त्या कथेची गरज होती. २०१८ सालीं शक्ति वाहिनी संस्थेच्या खटल्यांत सर्वोच्च न्यायालयानें निकाल दिला कीं, दोन सज्ञान व्यक्तींच्या विवाहाला कुटुंबाची, जातीची वा कुळाची संमति आवश्यक नाहीं. न्यायालयाला जें निकालांत लिहावें लागतें, तें प्रेक्षकाच्या अंतःकरणांत उतरविण्याचा मार्ग कलेला असाच आडवाटेचा घ्यावा लागतो.

चिठ्ठीच नसली तर काय होतें, याचें उदाहरण आमच्या वऱ्हाड-विदर्भाच्याच मातींतलें आहे. सतीश मनवर यांचा 'गाभ्रीचा पाऊस' हा २००९ सालचा चित्रपट. शेजारच्या शेतकऱ्यानें आत्महत्या केली म्हणून धास्तावलेली बायको आपल्या नवऱ्यावर लहान मुलाकरवीं पाळत ठेवते, त्याला गोडधोड करून घालते, आणि बिचाऱ्या नवऱ्याला हा काय प्रकार आहे तेंच उमजत नाहीं. गिरीश कुलकर्णी आणि सोनाली कुलकर्णी यांच्या भूमिका. नांवच मुळीं वऱ्हाडी शिवीचें. हंसावें कीं रडावें हें कळूं नये अशी ही कथा रॉटरडॅमच्या महोत्सवापर्यंत गेली. परंतु हिला विनोदी म्हणावें तर अंगावर कांटा येतो, आणि करुण म्हणावें तर मध्येंच हंसूं फुटतें. कोणत्याच जातींत न बसणारें चित्र कोणत्या शब्दांनीं विकावें? ज्याला जात नाहीं त्याची अडचण आपल्या समाजांत काय होते हें वाचकांस सांगावयास नको.

उलटपक्षीं कथा, जात आणि जाहिरात या तिघी एकाच दिशेनें चालल्या म्हणजे काय होतें, तें केदार शिंदे यांच्या २०२३ सालच्या 'बाईपण भारी देवा'नें दाखविलें. मंगळागौरीच्या स्पर्धेसाठीं एकत्र येणाऱ्या सहा बहिणींची ही गोष्ट. आणि ती पाहावयास बायकाही मैत्रिणी-बहिणींचे घोळके करून, नटूनथटून गेल्या. जें पडद्यावर तेंच खुर्च्यांवर! असा चित्रपट आनंद देतो, आणि तो आनंद खोटा नाहीं. मात्र घरीं जातांना आपण जसे आलों तसेच जातों.

तथापि 'सैराट'ची बाजू घेतल्यावर त्याचा दोषही सांगितला पाहिजे. एरव्हीं जऊळक्याच्या त्या बाईंचा प्रश्न अनुत्तरितच राहील. चित्रपटांतून गाणें सुटें निघतें. शेवट सुटा निघत नाहीं. पूर्वार्धाचा आनंद दिग्दर्शकानें साधन म्हणून घेतला खरा, पण तो इतका भरभरून दिला कीं, साधन स्वतःच्या पायांवर उभें राहून चालूं लागलें. त्याच दिग्दर्शकाचा आधीचा 'फँड्री' पाहा. १४ फेब्रुवारी २०१४, म्हणजे प्रेमिकांचा म्हणून मिरविला जाणारा दिवस, त्याच्या प्रदर्शनासाठीं निवडला होता. तेथेंही शाळकरी प्रेमाचीच चिठ्ठी होती. परंतु डुकरें धरावयास लावलेला जब्या अखेरीस जो दगड भिरकावतो तो थेट प्रेक्षकाच्या रोंखानें येतो. तो दगड कोणत्याही वरातींत वाजवितां येत नाहीं. 'सैराट'चें मात्र तसें झालें नाहीं. त्याची हिंदी आवृत्ति 'धडक' २०१८ सालीं निघाली; कथा उदयपुरास गेली, 'झिंगाट' नव्या शब्दांनिशीं बरोबर गेलें, आणि जातीचा विखार मात्र श्रीमंती-गरिबीच्या झिरझिरीत पडद्याआड गेला. बाजाराला काय उचलावयाचें आणि काय वाटेंत टाकावयाचें हें अचूक कळतें.

पण सारा दोष कर्त्यावर टाकून आपण मोकळे होऊं शकत नाहीं. सुटें काढलेलें गाणें वाजवितो कोण? ज्या लग्नांत जात, पोटजात, गोत्र, सारें जुळवून मगच अक्षता पडल्या, त्याच लग्नाच्या वरातींत जात मोडणाऱ्या जोडप्याचें गाणें आपण आनंदानें वाजवितों, यांत आपल्याला विसंगति दिसत नाहीं. बंडाचा आनंद आपल्याला हवा आहे, बंड नको. जाहिरातीनें आपल्याला फसविलें असें म्हणण्यापेक्षां, जाहिरातींतला आपल्या सोयीचा तेवढा भाग आपण घरीं आणला आणि कथा चित्रगृहांतच ठेवून आलों, असें म्हणणें अधिक प्रामाणिकपणाचें होईल.

म्हणून चित्रपटाचा अभ्यास करणाऱ्या विद्यार्थ्यांस माझें सांगणें एवढेंच कीं, कोणताही चित्रपट घ्या आणि त्याला तीन प्रश्न क्रमानें विचारा. याच्या चिठ्ठीवर काय लिहिलें होतें? कथेनें तें वचन कोठें पाळलें आणि कोठें, कशासाठीं मोडलें? आणि खेळ संपल्यावर लोकांनीं त्यांतलें काय घरीं नेलें? पहिल्या दोन प्रश्नांचीं उत्तरें चित्रगृहांत मिळतात. तिसऱ्याचें उत्तर रस्त्यावर, लग्नाच्या मांडवांत, वरातींत शोधावें लागतें. आणि बहुधा तोच प्रश्न अभ्यासक्रमांतून निसटतो.

जऊळक्याच्या त्या ओट्यावर पुढें आणखी एक गोष्ट झाली. वरात वळणापलीकडे गेली, आवाज मंदावला, तेव्हां त्या बाईंनीं हातांतली लग्नपत्रिका उलगडून माझ्यापुढें धरली आणि सांगितलें कीं, नवऱ्या मुलाच्या सख्ख्या बहिणीचें नांव तींत नाहीं. दोन वर्षांपूर्वीं तिनें आपल्या मनानें, परजातींत लग्न केलें होतें. ती सुखरूप आहे, हेंही त्यांनीं हलक्या आवाजांत सांगितलें; फक्त तिचें नांव घेत नाहींत. मग त्यांनीं पत्रिका नीट घडी घालून ओटींत ठेवली, आणि आम्ही दोघेंही दूरवर चाललेलें तें गाणें ऐकत बसलों.