आउले आणि महाल

जे. आर. आर. टॉल्किन यांच्या निधनानंतर चार वर्षांनी, १९७७ मध्ये, त्यांचे पुत्र ख्रिस्तोफर यांनी संपादित केलेले ‘द सिल्मॅरिलियन’ प्रसिद्ध झाले. त्यात आउले आणि यावान्ना या देवदांपत्याचे एक छोटे प्रकरण आहे. घाईने वाचले तर ड्वार्फांच्या जन्माची कथा, एवढेच हाती लागते.

आउले लोहारांचा देव. एल्फांपैकी नोल्दोर त्याचे लाडके. ते कारागिरी शिकले ते त्याच्याकडून, म्हणून त्यांच्या लेखी तो गुरू. पण एल्फ जागे होण्याच्या कितीतरी आधी, आपली विद्या द्यायला कुणीतरी हवे या ओढीने, त्याने डोंगराखालच्या दालनात गुपचूप ड्वार्फांचे सात मूळपुरुष घडवले. दुष्ट मेल्कोरला सत्ता हवी होती, आउलेला शिष्य. ज्या गुणासाठी एल्फ त्याला पुढे मानणार, त्याच गुणापायी त्याच्या हातून आगळीक घडते. ही गुंफण फार देखणी आहे.

परमेश्वर इलुवातार जाब विचारतो: तू मनात आणशील तेव्हाच हे हलतील, तुझे लक्ष उडाले की नुसते उभे राहतील. आउले चूक कबूल करतो आणि रडत घण उगारतो. ड्वार्फ अंग चोरतात, मान लववून दया मागतात. गहिवरलेल्या वाचकाच्या नजरेतून नेमका पुरावा इथेच निसटतो. ते अंग चोरणे आउलेने मनात आणलेले नव्हते. जीव आधीच लाभला होता. इलुवातार ते नंतर बोलून दाखवतो. टाकीचे घाव सोसल्याशिवाय देवपण येत नाही, असे आपण म्हणतो. इथे न बसलेल्या घावाने जिवंतपण उघड होते.

आणि मग ती दोन वाक्ये. मेल्यावर ड्वार्फ ज्या मातीदगडातून घडले त्यातच परत जातात, असे एल्फ मानत. ड्वार्फ मात्र म्हणतात, की आपला घडवणारा आउले आपली काळजी वाहतो आणि आपल्याला मृतांचा देव मांदोस याच्याकडे, वेगळ्या दालनांत गोळा करतो. त्याला ते ‘महाल’ म्हणतात. (मराठीतल्या महालाशी या नावाचा संबंध नाही.) एल्फांचे मत भूतकाळात, ड्वार्फांची श्रद्धा वर्तमानकाळात. सारा ग्रंथ एल्फांच्या परंपरेतून सांगितलेला. तरी निवेदक ड्वार्फांना खोडून काढत नाही, त्यांच्या बाजूने ग्वाहीही देत नाही. इतका संयम मी फार थोड्या कल्पितकथांत पाहिला आहे.

त्या श्रद्धेचा शेवटही खास ड्वार्फांचाच: अखेरच्या युद्धानंतर जग पुन्हा घडवताना ते आउलेच्या हाताखाली राबणार. शिष्य हवे होते त्याला मदतनीस मिळाले!

प्रकरण संपता संपता यावान्ना आपल्या झाडांच्या काळजीने बोलते. तरी ड्वार्फांना लाकूड लागेलच, एवढे म्हणून आउले पुन्हा भट्टीकडे वळतो. तिथे पोचलात की दोन पाने मागे जा आणि ‘मानत’ आणि ‘म्हणतात’ ही दोन क्रियापदे पुन्हा वाचा.