मागूरमधले पट्टकृमी: नावं ५९, प्रजाती ८

पेट पास झाली की आपल्या भागात प्राणिशास्त्राच्या विद्यार्थ्याला एक विषय हमखास सुचवला जातो: मासा कापा, आतड्यातला पट्टकृमी (टेपवर्म) काढा, नवी प्रजाती जाहीर करा. हो म्हणण्याआधी २०११चा एक पेपर वाचाच. अनिर्बन ॲश, टोमाश शोल्झ आणि सहकाऱ्यांनी 'जर्नल ऑफ पॅरासायटॉलॉजी'मध्ये मागूर माशातल्या कॅरिओफिलिडिया गटाच्या पट्टकृमींची फेरतपासणी केली. ५९ नावांपैकी वैध ठरली फक्त ८.

एवढी नावं आली कुठून? 'लायटोसेस्टस मराठवाडाएन्सिस', 'चाळीसगावेन्सिस' अशी नावं आपल्याच मुलखातली. कृमी मऊ असतो. जिवंतपणी गरम फॉर्मॅलिनमध्ये टाकला तर नीट राहतो. मेलेला किंवा काचेखाली दाबलेला असेल तर रुंदी, मान, सगळंच बदलतं. मग एकाच प्रजातीच्या तीन प्रजाती सहज होतात.

या पेपरचं बळ असं की लेखक नुसता वाद घालत नाहीत. जतन केलेले जुने नमुने आणि नव्याने गोळा केलेले कृमी शेजारी ठेवून निकाल देतात. पण मुख्य आधार इथेही शरीररचनेचाच आहे. प्रजाती किती, हे कळतं. कृमी एका पाण्यातून दुसऱ्या पाण्यात कसा जातो, हे कळत नाही.

या कृमीची अंडी तळाच्या गाळातले बारीक गांडूळवर्गीय किडे खातात आणि त्या किड्यांना मासा खातो. आता राहाता तालुक्याचंच बघा. पुणतांब्याला गोदावरीत आणि पेरूच्या बागेतल्या शेततळ्यात सारखाच कृमी सापडला, तर तो मत्स्यबीजाबरोबर आला की आधीच गाळात होता? सूक्ष्मदर्शक इथे गप्प बसतो. बोलतो तो जनुकीय फरक.

नॉर्वेत हेच झालं. 'गायरोडॅक्टिलस सॅलेरिस' हा सॅमनच्या त्वचेवरचा परजीवी तिथे १९७५मध्ये आढळला. मायटोकाँड्रियाच्या जनुकांवरून दिसलं, की तो एकाहून अधिक वेळा बाहेरून आला. रोग थांबवायचा तर माशांची ने-आण थांबवायला हवी, हे त्यातून पक्कं झालं.

म्हणून विषय बदलायची गरज नाही, प्रश्न बदला. प्रत्येक कृमीचा मधला तुकडा डीएनएसाठी अल्कोहोलमध्ये ठेवा, उरलेल्याची स्लाइड करा आणि ती संग्रहालयात जमा करा. उद्या कुणी तुमची प्रजाती तपासायला आलं, तर त्याला दाखवायला काहीतरी हवं ना!