पाहुणा कोण? प्रकाश भोईर आणि ‘द वारली रिव्होल्ट’

मंडळी, आज एका गाण्याविषयी बोलू. ‘द वारली रिव्होल्ट’, साल २०१९, मुंबईच्या ‘स्वदेशी’ या हिपहॉप गटाचे. त्यात आवाज आहे आरेतल्या केलटीपाड्याच्या प्रकाश भोईर यांचा. भोईर गाणी रचतात, वारली चित्रे काढतात आणि आरेचे जंगल वाचावे म्हणून वर्षानुवर्षे उभे आहेत. त्यांची ओळख करून देताना लोक म्हणतात, ‘गायक, चित्रकार, कार्यकर्ते’. आमची हरकत त्या स्वल्पविरामांना आहे.

का, ते सांगतो. आपल्या डहाणू-जव्हारकडे वारल्यांच्या लग्नात सवाशिणी भिंतीवर चौक लिहितात आणि धवलेरी गातात. चित्र आणि गाणे एकाच विधीचे. तारपा घ्या. भोपळा, बांबू, ताडाचे पान. झाड गेले की वाद्य गेले. म्हणजे जंगल राखणे हा कलेला वरून चिकटवलेला विषय नव्हे, ती वाद्याचीच निगा आहे!

पुढे चित्र कागदावर आले. जिव्या सोमा मशे यांनी ते जगभर पोचवले, मोठेच काम. पण कागदावर धवलेरीचा आवाज येत नाही. वसई-विरारच्या कितीतरी इमारतींत वारली चित्र दिसेल, गाणे कुणाला ठाऊक आहे? भोईर हे तुटलेले पुन्हा जोडतात.

आता गाणे. शीर्षकात १९४५ चा उठाव आहे, तलासरी-डहाणूच्या वारल्यांनी वेठबिगारी झुगारली तो. रॅपचा आवेश त्याला शोभतो. मात्र श्रेयात भोईर ‘फीचरिंग’, म्हणजे पाहुणे कलाकार. जंगलात राहणारे तेच, लढणारे तेच, आणि गाण्यात पाहुणेही तेच? ही संगीत-व्यवसायाची रीत आहे, मान्य. गटाने आपला तरुण श्रोता त्यांना दिला, हेही खरे. पण घर कुणाचे, हे रीतसुद्धा सांगत असते.

४ ऑक्टोबर २०१९ च्या रात्री आरेत झाडतोड सुरू झाली. ७ तारखेला सर्वोच्च न्यायालयाने ती थांबवली, तोवर २,१४१ झाडे गेली होती. आंदोलनात गाणी होती, तरी ती वाचली नाहीत. मग गाण्याचा उपयोग काय, असे तुम्ही विचाराल. करवत थांबवणे गाण्याच्या हातात नसते. पण हा आवाज ज्याने ऐकला, त्याला ‘तिथे कोण राहतं?’ असे म्हणणे जड जाते. आम्हाला हे थोडे वाटत नाही.

गाणे जरूर ऐका. फक्त भोईरांचा आवाज यजमानाचा समजून ऐका.