बेने-इस्राएल, हरवलेले दहा वंश आणि सीयोनाची ख्रिस्ती ओढ

अक्कलकोट येथील एका गृहस्थांच्या संग्रहांत जुन्या पोथ्या, मोडी कागदांचे रुमाल आणि कांहीं छापील इंग्रजी ग्रंथ एकत्र आहेत. त्यांची यादी करण्याच्या कामीं आम्ही कांहीं दिवस तेथें होतों. छापील ग्रंथांत डॉ. जॉन विल्सन यांच्या 'लँड्स ऑफ द बायबल' या १८४७ सालीं एडिंबरो येथें प्रसिद्ध झालेल्या प्रवासग्रंथाचा दुसरा खंड निघाला. बांधणी कसरीनें खाल्लेली. पहिला खंड नाहीं. संग्राहकांनीं आपल्या टिपणवहींत या ग्रंथापुढें शेरा लिहून ठेवला होता कीं, कोंकणांतील शनवार तेली हे इस्राएलाच्या हरवलेल्या दहा वंशांपैकीं असल्याचा पुरावा यांत आहे. हा शेरा छापावयाच्या यादींत ठेवावा कीं गाळावा, असें त्यांनीं आम्हांस विचारलें. प्रश्न एका ओळीचा होता. उत्तर मात्र एका ओळींत देतां येईना.

विल्सनसाहेब हे कोणी उथळ लेखक नव्हते. १८२९ सालीं ते मुंबईस आले. मराठी, संस्कृत व इब्री या भाषांचा त्यांचा व्यासंग मोठा. रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेचें अध्यक्षपद त्यांनीं भूषविलें. गिरनारच्या अशोकलेखाचे ठसे प्रिन्सेप यांच्या हातीं पडले ते त्यांच्याच खटपटीनें. बेने-इस्राएल मुलांसाठीं त्यांनीं १८३२ सालीं मराठींतून इब्री व्याकरणाचीं मूलतत्त्वें छापलीं. १८४३ सालीं स्वदेशीं परततांना धनजीभाई नौरोजी या पारशी ख्रिस्ती तरुणास बरोबर घेऊन ते मिसर, सिनाई व पॅलेस्टाईन या मार्गानें गेले. त्या प्रवासाचें फळ म्हणजे हा ग्रंथ. पूर्वेकडील यहुदी समाजांच्या वर्णनांत त्यांनीं आमच्या कोंकणांतील या लोकांसहि जागा दिली आहे.

त्या वर्णनांत दोन जातींचीं विधानें एकमेकांत मिसळलीं आहेत, आणि संशोधकानें प्रथम तीं वेगळीं करावयास हवींत. हे लोक तेल गाळतात, शनिवारीं घाणा बंद ठेवतात, मुलांची सुंता करतात, 'शेमा' ही इब्री प्रार्थना म्हणतात, आणि वेष व भाषा यांत आसपासच्या मराठी लोकांसारखेच आहेत, हें विल्सन यांचें डोळ्यांनीं पाहिलेलें आहे. त्यास स्वतंत्र दुजोराहि मिळतो. कोचीनचे यहुदी व्यापारी यहेज्केल राहबी यांनीं १७६८ सालीं हॉलंडला पाठविलेल्या पत्रांत मराठी मुलखांतील या लोकांचा तेलाचा धंदा, शब्बाथ व शेमा यांचाच उल्लेख आहे, आणि तें पत्र विल्सन यांच्या आगमनाच्या साठ वर्षें आधींचें आहे. येथपर्यंत साक्ष निर्दोष होय.

दहा वंशांची गोष्ट निराळी. ती पाहिलेली नाहीं, अनुमानिलेली आहे. आधार मुख्यतः दोन. एक, हे लोक स्वतःस 'बेने-इस्राएल' म्हणवितात, 'यहुदी' हें नांव त्यांस हिणकस वाटतें. अर्थात् ते यहूदाच्या वंशांतले नव्हत. दुसरा, बंदिवासानंतर यहुद्यांत रूढ झालेलीं नांवें यांच्यांत आढळत नाहींत. अर्थात् ते त्यापूर्वींच मूळ समाजापासून तुटले. दोन्ही आधार आमच्या मतें लटके आहेत. कोंकणपट्टींतील हा समाज शतकानुशतकें मुसलमानी सत्तांच्या शेजारीं व जंजिऱ्याच्या शिद्दीच्या अमलांत राहिला. मुसलमानी धर्मग्रंथांत 'बनी इस्राईल' हें नांव ज्या आदरानें बहुधा येतें तो आदर 'यहुद' या शब्दाच्या वांट्यास फारसा आलेला नाहीं. अशा शेजारांत माणसें कोणतें नांव पसंत करतील हें सांगण्यास अश्शूरी बंदिवासापर्यंत मागें जाण्याचें कारण नाहीं. नांवांविषयीं म्हणाल तर मुंबईंतील पहिलें सभास्थान १७९६ सालीं बांधणारे समाजी हसाजी दिवेकर यांचेंच नांव पाहावें. समाजी म्हणजे शमुवेल, हसाजी म्हणजे यहेज्केल. आणि यहेज्केल संदेष्टा तर बाबेलच्या बंदिवासांतला, दहा वंश नाहींसे झाल्यानंतर सुमारें सव्वाशें वर्षांनीं झालेला. हें नांव कोचीनच्या शिक्षकांकडून मागाहून आलें असेल असा आक्षेप कोणी घेईल. घ्यावा. पण मग नांवांवरून कांहींच सिद्ध होत नाहीं, एवढें तरी त्यानें कबूल करावें.

जो गृहस्थ गिरनारच्या लेखाविषयीं इतका काटेकोर, तो येथें इतक्या स्वल्प पुराव्यावर कां थांबला? उत्तर त्याच्या विद्वत्तेंत सांपडत नाहीं, त्याच्या धर्मशास्त्रांत सांपडतें. अब्राहामास व त्याच्या संततीस कनान देश देऊं असा देवाचा करार उत्पत्तीच्या पुस्तकांत आहे. तो करार ख्रिस्ती मंडळीकडे आध्यात्मिक अर्थानें आला, मंडळी हीच आतां खरा इस्राएल, असें ऑगस्टिनापासून बहुतेक आचार्यांचें मत होतें. सुधारणेनंतर इंग्लंडांतील प्युरिटन पंडितांनीं भविष्यवाद्यांचीं वचनें शब्दशः वाचण्यास आरंभ केला. सर हेन्री फिंच या कायदेपंडितानें १६२१ सालीं यहुद्यांच्या पुनःस्थापनेवर ग्रंथ लिहिला. त्यांत पृथ्वीच्या राजांनीं यहुद्यांच्या राज्यापुढें नमावें असें दिसल्यानें जेम्स राजा रागावला आणि फिंचास कैद भोगावी लागली. पुढें हें वाचन सौम्य झालें, परंतु मेलें नाहीं. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या अकराव्या अध्यायांत पौलानें सर्व इस्राएलाच्या तारणाची आशा सांगितली आहे. तिचा अर्थ स्कॉटिश प्रेस्बिटेरियन मंडळी असा करीत कीं, यहुद्यांचें धर्मांतर हें जगाच्या कल्याणाचें द्वार होय. म्हणून त्या मंडळीनें १८३९ सालीं चार धर्मोपदेशकांचें शिष्टमंडळ पॅलेस्टाईनला पाठविलें. त्यांतील अलेक्झांडर कीथ यांनीं परतल्यावर अब्राहामाच्या करारानुसार इस्राएलाची भूमि या विषयावर ग्रंथ लिहिला. विल्सन याच मंडळींत वाढलेले.

आतां दहा वंशांचा प्रश्न येथें कसा येतो तें पाहावें, कारण सर्व गांठ येथेंच आहे. यहेज्केलाच्या सदतिसाव्या अध्यायांत संदेष्ट्यास दोन काठ्या घेण्याची आज्ञा होते; एक यहूदाची, दुसरी योसेफाची म्हणजे एफ्राईमाची; त्या हातांत एक होतात आणि दोन्हीं राज्यांची प्रजा आपल्या देशीं परतून एका राजाखालीं नांदते. हें वचन जो शब्दशः घेतो त्यास एक काठी मिळून भागत नाहीं. यहूदाची काठी युरोपभर दिसतच होती. एफ्राईमाची कोठें आहे? तिच्या शोधास लोक अफगाणिस्थानांत गेले, बुखाऱ्यास गेले, आणि कोंकणांतहि आले. क्लॉडियस ब्यूकॅनन यांनीं कोचीनच्या यहुद्यांकडून इब्री हस्तलिखितें मिळवून केंब्रिजच्या ग्रंथालयास दिलीं, त्यांत चामड्यावरील तोराची गुंडाळी आहे. त्यांच्या १८११ च्या ग्रंथांतहि दहा वंशांचा ध्यास आहेच. जर्मन यहुदी कुळांत जन्मून ख्रिस्ती झालेला जोसेफ वोल्फ १८३३ सालीं मुंबईस आला तोहि याच शोधांत. ख्रिस्त १८४७ सालीं यरुशलेमास परत येणार असा त्याचा हिशेब होता. शोधणाऱ्यास जें हवें असतें तें त्याला सांपडतें, हा अनुभव कुळांच्या वंशावळी तपासणाऱ्यास नवा नाहीं.

अक्कलकोटकरांस तर तो घरचाच आहे. पारदच्या लोखंडे पाटलाचा मुलगा राणोजी १७०७ सालीं शाहूमहाराजांच्या पदरीं आला आणि फत्तेसिंह भोसले झाला; अक्कलकोटचें राजघराणें तेथून चाललें. नांव देणारा कोण, प्रसंग कोणता, हें येथें ठाऊक असल्यानें इतिहासास बाध येत नाहीं. बेने-इस्राएलांच्या बाबतींत मात्र वंश ठरविणाऱ्याची गरज आणि वंशाचा पुरावा हीं एकमेकांत विरघळलीं आहेत.

अमेरिकन मिशनचीहि गोष्ट या संदर्भांत पाहण्याजोगी आहे. ज्या बॉस्टनच्या बोर्डाचे उपदेशक १८१३ सालीं मुंबईस उतरले आणि ज्यांच्या मराठी मिशनचें ठाणें पुढें आमच्या शेजारीं सोलापुरास पडलें, त्याच बोर्डानें १८१९ सालीं लेव्ही पार्सन्स व प्लायनी फिस्क यांस यरुशलेमाकडे रवाना केलें. निघण्यापूर्वीं पार्सन्स यांनीं बॉस्टन येथें दिलेलें प्रवचन यहुद्यांच्या पुनःस्थापनेवरच होतें. मराठी नवा करार छापणारें आणि सीयोनाकडे डोळे लावणारें घर एकच. आमच्याकडे मिशनांचा इतिहास शाळा व छापखाने यांपुरता लिहिला जातो, म्हणून हा दुवा नजरेआड राहतो.

बेने-इस्राएलांनीं या सर्व कृपेचें काय केलें? त्यांनीं व्याकरण घेतलें, शाळा घेतल्या, मराठींतून छापलेला जुना करार घेतला, आणि बाप्तिस्मा बहुतेकांनीं नाकारला. मिशनरी शाळांत शिकलेल्या पिढीनेंच पुढें सभास्थानें व स्वतःच्या शाळा उभारल्या. मुंबईंतील इस्राएली शाळा १८७५ सालची. ज्या उपपत्तींत परतणें आणि धर्मांतर हीं एकाच रथाचीं दोन चाकें होतीं, तिचें एक चाक असें कोंकणांतच निखळलें.

दुसरें चाकहि लवकर फिरलें नाहीं. १८९७ सालीं बाझल येथें पहिली झायनवादी परिषद् भरली. तींत एक ख्रिस्ती पाद्री मोठ्या उत्साहानें हजर होता. त्याचें नांव विल्यम हेक्लर. जन्म १८४५ सालीं, आमच्या काशींत, मिशनऱ्याच्या घरीं. खलीफा उमर यानें यरुशलेम घेतल्यापासून १२६० वर्षें मोजून १८९७–९८ हा मुक्तीचा काळ त्यानें ठरविला होता, आणि म्हणूनच १८९६ च्या मार्चांत हर्झल यांस भेटून त्यानें राजेरजवाड्यांकडे त्यांची वाट मोकळी करण्याचा उद्योग मांडला. त्याच परिषदेचें निमंत्रण मुंबईच्या बेने-इस्राएलांस आलें होतें. त्यांनीं तें नाकारलें. सीयोनास नेणारा हात देवाचा असावा, त्याची आम्ही वाट पाहतों, असा त्यांच्या उत्तराचा आशय. काशींत जन्मलेला ख्रिस्ती परतण्याची घाई करतो आणि ज्यांनीं परतावयाचें ते रेवदंडा-अलिबागकडील लोक थांबा म्हणतात! यहुदी झायनवादाची मुळें युरोपांतील छळांत व राष्ट्रवादांत आहेत, ख्रिस्ती झायनवादाचीं ग्रंथार्थांत. दोन्ही एक मानून लिहिणारांनीं ही मुंबईची नकारघंटा ऐकावी.

योगायोग असा कीं, हाईम शमुवेल केहिमकर यांनीं आपला बेने-इस्राएलांचा इतिहास लिहून पुरा केला तोहि १८९७ सालींच. केहिमकर पुढें वारले. हस्तलिखित छापलें गेलें १९३७ सालीं, तेल-अवीव येथें. संपादक इमॅन्युएल ओल्स्वँगर हे १९३६ सालीं झायनवादाचे दूत म्हणून हिंदुस्थानांत येऊन गेलेले. चाळीस वर्षें पडून राहिलेलें हस्तलिखित वांचलें याबद्दल त्यांचे आभार मानावयास हवेत. परंतु सीयोनाचें निमंत्रण नाकारणाऱ्या समाजाचा ग्रंथ सीयोनाच्या छापखान्यांतून बाहेर पडला, ही गोष्ट वाचकानें विसरूं नये. केहिमकरांचें मत पूर्वज इ. स. पूर्व १७५ च्या सुमारास अँटिओकसच्या जुलुमामुळें निघाले असें आहे. नवगांवाजवळ गलबत फुटून सात पुरुष व सात स्त्रिया वांचल्या ही परंपराहि ते देतात. सात आणि सात चौदा. आणि सह्याद्रिखंडांत परशुरामानें समुद्रकांठच्या चौदा प्रेतांस उठवून चित्पावन केले. एकाच किनाऱ्यावर चौदाचा आंकडा दोनदां येतो तेव्हां त्याला इतिहास म्हणण्यापूर्वीं थांबावें हें बरें.

हा केवळ ग्रंथांतला वाद असता तर आम्हीं इतकी शाई खर्चिली नसती. १९४८ नंतर बेने-इस्राएल मोठ्या संख्येनें इस्राएलांत गेले. तेथें १९६२ सालीं प्रमुख धर्मपीठानें त्यांच्या विवाहांसंबंधीं पिढ्यांची चौकशी करण्याचे नियम काढले. शंका अशी कीं, हे लोक फार प्राचीन काळीं तुटले असल्यास घटस्फोट व दीरविवाह यांविषयींचे नंतरचे नियम त्यांस ठाऊक नसणार, मग त्यांच्यांतील पूर्वींचे संबंध शास्त्रशुद्ध कसे मानावे? मिशनऱ्यांनीं जें प्राचीनत्व कौतुकानें मिरविलें तेंच येथें आरोपपत्र झालें. समाजानें सत्याग्रहासारखा लढा दिला. ऑगस्ट १९६४ मध्यें इस्राएलच्या लोकसभेनें ते सर्व बाबतींत यहुदीच आहेत असा ठराव केला, तेव्हां प्रकरण निवळलें. २०१६ सालीं प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासांत त्यांच्यांत मध्यपूर्वेंतील यहुदी व हिंदी असे दोन्हीं अंश ठळक दिसले. त्यानें यहुदी मूळ बळकट होतें, दहा वंश नव्हे. भविष्यवचनांच्या राजकीय वापराविषयीं खुद्द पूर्वेकडील ख्रिस्ती मंडळींचें मतहि प्रतिकूल आहे: यरुशलेमच्या लॅटिन, सिरियन, अँग्लिकन व लूथरन मंडळींच्या प्रमुखांनीं २००६ सालीं ख्रिस्ती झायनवाद हा खोटा उपदेश म्हणून जाहीरपणें नाकारला. तेथील अरब ख्रिस्ती कुटुंबें त्याच भूमींत राहतात, आणि शब्दशः वाचनांत त्यांस जागा नाहीं.

संग्राहकांस आम्हीं सुचविलेला शेरा असा: 'विल्सन, खंड २. कोंकणांतील बेने-इस्राएलांच्या आचारांचें समकालीन वर्णन. दहा वंशांविषयींचें मत लेखकाचें, धर्मशास्त्रमूलक.' तो त्यांनीं मान्य केला. शेवटला शब्द वहींत मावेना म्हणून समासांत लिहिला. खरा पुरावा मिळावयाचा असेल तर तो कुलाबा, अलिबाग व जंजिरा येथील मोडी कागदांत, तेलघाण्यांवरील पट्टीच्या हिशेबांत आणि आंगऱ्यांच्या शिबंदीच्या हजेरीपटांत मिळेल. हसाजी, समाजी, अबाजी अशीं नांवें आणि केहिमकर, दिवेकर, नवगांवकर अशीं आडनांवें ज्यांच्या रुमालांत येतील त्यांनीं तो कागद शिक्का व मितीसह उतरून घ्यावा आणि आम्हांस कळवावें.