भूमिकाखेळांचा प्रसार आणि उक्तीचे सामर्थ्य

टेबलाभोवती बसून केवळ बोलण्याच्या आधारे खेळावयाचे भूमिकाखेळ, ज्यांना इंग्रजीत ‘टेबलटॉप रोलप्लेइंग गेम’ म्हणतात, ते गेल्या पन्नास वर्षांत अमेरिकेतून युरोप व जपानपर्यंत पसरले. त्यांच्या लोकप्रियतेची मीमांसा बहुधा व्यापाराच्या किंवा समाजशास्त्राच्या अंगाने केली जाते. या खेळांचे साधनद्रव्य सर्वस्वी भाषा हेच आहे. तेव्हा त्यांच्या वाढीचे मर्म भाषेच्या अंगाने उलगडते काय, आणि ही वाढ त्या मर्माला पोषक ठरली आहे काय, या दोन प्रश्नांचा विचार येथे करावयाचा आहे.

प्रथम इतिहास थोडक्यात पाहू. प्रशियाच्या सैन्यात १८२४ पासून ‘क्रीग्सश्पील’ नावाचा युद्धखेळ अधिकाऱ्यांच्या शिक्षणासाठी वापरला जात असे. त्यात दोन पक्षांखेरीज निवाडा देणारा एक पंच असे. विसाव्या शतकात ही परंपरा अमेरिकेतील हौशी मंडळींकडे आली. १९६९ मध्ये डेव्हिड वेस्ली यांनी अशाच एका खेळात खेळाडूंना सैन्याऐवजी एकेका व्यक्तीची भूमिका दिली. त्यांच्या मंडळातील डेव्ह अर्नेसन यांनी ती कल्पना पुढे नेली. विस्कॉन्सिनमधील लेक जिनीव्हा येथील गॅरी गायगॅक्स यांच्या सहकार्याने १९७४ मध्ये ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’ प्रसिद्ध झाला. सैन्य हलविणारा खेळाडू ‘माझी तुकडी पुढे जाते’ असे म्हणे. आता तो ‘मी पुढे जातो’ असे म्हणू लागला. तृतीय पुरुषाकडून प्रथम पुरुषाकडे झालेले हे संक्रमण हाच या खेळप्रकाराचा खरा जन्म होय, असे म्हणावयास प्रत्यवाय नाही.

या प्रथम पुरुषाचे स्वरूप विलक्षण आहे. जे. एल. ऑस्टिन यांनी १९५५ च्या हार्वर्ड येथील व्याख्यानांत, जी १९६२ मध्ये ग्रंथरूपाने प्रसिद्ध झाली, काही उक्ती वर्णन करीत नाहीत तर कृती घडवितात, असे प्रतिपादन केले. रंगभूमीवरील नटाची उक्ती मात्र त्यांनी विचाराबाहेर ठेवली, कारण नटाने दिलेले वचन कोणालाच बांधून ठेवीत नाही. भूमिकाखेळातील उक्ती या दोहोंच्या मध्ये पडते. ‘मी दार उघडतो’ असे खेळाडू म्हणतो तेव्हा कोठलेच दार हलत नाही. तथापि सूत्रधाराने ती उक्ती मान्य केली की त्या क्षणापासून दार उघडे असते आणि टेबलाभोवतीच्या सर्वांना ते उघडे मानूनच पुढे बोलावे लागते. उक्ती काल्पनिक असते, पण तिचे बंधन खरे असते.

येथे आपल्या परंपरेतील एक तुलना उद्बोधक ठरेल. कोकण व गोव्यातील दशावतारी नाटकात नट आपले संवाद बहुतांशी आयत्या वेळी रचतात. तरीही कथानक पुराणातले असते, आणि दैत्याचा वध अखेर व्हावयाचाच असतो. भूमिकाखेळात शेवट सूत्रधारालाही ठाऊक नसतो. फासा पडेपर्यंत तो कोणाच्याच हाती नसतो. उत्स्फूर्त संवाद दोहोंकडे आहेत, पण कथेची दिशा बदलण्याचा अधिकार केवळ दुसऱ्या प्रकारात आहे. या खेळांच्या आकर्षणाचे मूळ आम्ही या अधिकारात मानतो.

हा अधिकार निरनिराळ्या नियमसंहितांत निरनिराळ्या रीतीने वाटला गेला आहे. ‘डंजन्स अँड ड्रॅगन्स’च्या २०१४ च्या पाचव्या आवृत्तीत वीस बाजूंचा फासा टाकून ठराविक संख्या गाठावयाची असते, उत्तर मुख्यतः ‘होय’ किंवा ‘नाही’ असे येते. व्हिन्सेंट बेकर व मेगी बेकर यांच्या २०१० च्या ‘अपोकॅलिप्स वर्ल्ड’मध्ये दोन साधे फासे टाकतात. बेरीज १० किंवा अधिक आल्यास कृती साधते, ६ किंवा कमी आल्यास डाव सूत्रधाराकडे जातो, आणि ७ ते ९ आल्यास उत्तर ‘होय, पण’ असे येते. हा ‘पण’ केवळ उभयान्वयी अव्यय नव्हे. प्रत्येक ‘पण’ नव्या वाक्याची मागणी करतो, आणि म्हणून कथन थांबत नाही. पहिल्या संहितेचे बहुतेक नियम युद्धाविषयी असून संभाषण सूत्रधाराच्या कौशल्यावर सोडलेले आहे. दुसरी संहिता संभाषणालाच नियमबद्ध करते. कथनदृष्ट्या दुसरी अधिक विचारपूर्वक रचलेली आहे, असा आमचा अभिप्राय आहे. प्रसार मात्र पहिलीचा अधिक झाला. त्यावरून लोकप्रियता व रचनेचे गुण यांना एकाच मापाने मोजता येत नाही, हे ध्यानात यावे.

आता या प्रसाराकडे वळू. १९७४ च्या तीन पुस्तिका युद्धखेळाच्या जाणकारांसाठी लिहिलेल्या असल्याने नवशिक्याला दुर्बोध होत्या. खेळ पसरला तो मुखपरंपरेने. एकाने दुसऱ्याबरोबर बसून शिकावे, दुसऱ्याने तिसऱ्याला शिकवावे. २०१५ मध्ये ‘क्रिटिकल रोल’ या कार्यक्रमात व्यावसायिक आवाज-कलाकार आपला खेळ इंटरनेटवरून प्रक्षेपित करू लागले, तेव्हा ही मुखपरंपरा एकाएकी लक्षावधींपर्यंत पोहोचली. २०१९ मध्ये त्यांच्या सचित्रपटासाठी प्रेक्षकांनी १ कोटी १० लक्ष डॉलरांहून अधिक रक्कम दिली. २०२५ च्या जानेवारीत तर ‘डायमेन्शन २०’ या दुसऱ्या मंडळीचा खेळ न्यूयॉर्कच्या मॅडिसन स्क्वेअर गार्डनमध्ये झाला.

या वाढीने खेळाची रीत सर्वांना सुगम केली, हे निःसंशय. परंतु ज्या उक्तीला टेबलाभोवतीच्या सर्वांनी बांधून घ्यावयाचे, ती आता न खेळणाऱ्या श्रोत्यांना उद्देशून उच्चारली जाते. श्रोता हसू शकतो, हळहळू शकतो. दार मात्र उघडू शकत नाही. म्हणजे ऑस्टिन यांनी वगळलेल्या रंगभूमीकडेच हा प्रकार परत जातो. प्रेक्षकांची संख्या ही या प्रकाराच्या वाढीची खूण मानणे हा विचारदोष आहे; टेबलांची संख्या ही खरी खूण होय.

मराठीच्या अभ्यासकाला या विषयात आणखी एक स्वारस्य आहे. इंग्रजीत ‘मी दार उघडतो’ या अर्थाच्या वाक्यात लिंग प्रकट होत नाही. प्रमाण मराठीत ‘उघडतो’ की ‘उघडते’ हे ठरविल्यावाचून गत्यंतर नाही. ‘मी दार उघडीन’ या भविष्यकाळी रूपात लिंग झाकलेले राहते, पण ती इच्छा झाली. ‘मी दार उघडले’ यात क्रियापद कर्मानुसारी होते, पण ती वार्ता झाली. कृती घडविणारे वर्तमानकाळी रूपच तेवढे लिंगाची मागणी करते. स्त्रीपात्राची भूमिका घेणाऱ्या पुरुषाने पहिल्याच वाक्याला ‘उघडते’ म्हटले की त्याने स्वतःपासून अंतर घेतले. ‘उघडतो’ म्हटले की पात्रापासून. इंग्रजी खेळाडू हा निर्णय मोघम ठेवू शकतो, मराठी खेळाडू नाही. तीच गोष्ट ‘तू’, ‘तुम्ही’ व ‘आपण’ यांची. राजाच्या भूमिकेतील धाकट्या भावाला थोरल्याने काय म्हणावे? तेथे व्याकरण स्वतःच नाट्य निर्माण करते.

अभ्यासाची सामग्री कोठून आणावी, हा प्रश्न उरतो. नियमग्रंथ ही संहिता नव्हे. व्याकरणाचे पुस्तक म्हणजे भाषा नव्हे, तसेच हे. जपानमध्ये १९८६ पासून ‘रेकॉर्ड ऑफ लोडॉस वॉर’च्या खेळांची संभाषणे मासिकात छापली गेली, आणि पुढे त्यांतून कादंबऱ्याही झाल्या. तथापि छापताना संभाषण साफसूफ होते. अडखळणे, दुरुस्ती, एकाच वेळी बोलणे हे सारे गळते, आणि नेमक्या त्या जागी कथेवरचा अधिकार हातोहात फिरत असतो. म्हणून ध्वनिमुद्रणावरून काटेकोर प्रतिलेखन करणे हा एकच मार्ग प्रशस्त दिसतो. लोककथेच्या अभ्यासात कथा सांगणारा महत्त्वाचा, हे आपण मान्य केले आहे. येथे तर ऐकणारा प्रत्येक जण सांगणाराही असतो. अशा कथनाला वाङ्मय म्हणावयाचे की नाही, याचा निर्णय ते लोकप्रिय किती यावरून न करता त्यातील उक्ती काय घडविते यावरून केला पाहिजे.