कर्जाश्रित प्रकल्पांचे मूल्यमापन : एका रूढ पद्धतीची चिकित्सा

अंशतः कर्ज काढून उभारावयाच्या प्रकल्पाचे मोल ठरविताना भारित सरासरी भांडवल-खर्चाचा आश्रय घेण्याची प्रथा इतकी रूढ झाली आहे की, तिच्या मुळाशी असलेल्या गृहीतकाचाच विसर पडावा. कर्ज व भागभांडवल यांच्या खर्चांची सरासरी काढावयाची, व्याजावरील करसवलत त्या दरातच सामावून घ्यावयाची आणि त्या एकाच दराने सर्व वर्षांच्या उत्पन्नाचे वर्तमान मूल्य काढावयाचे, असा हा मार्ग होय. तो सोपा आहे, यात वाद नाही. परंतु प्रकल्पाच्या उर्वरित मूल्याशी कर्जाचे प्रमाण अखेरपर्यंत कायम राहील तरच तो बिनचूक ठरतो, हे माइल्स व एझेल यांनी १९८० मध्येच दाखविले होते.

व्यवहारात असे क्वचितच घडते. वीज किंवा रस्ते यांसारख्या प्रकल्पांत आरंभी कर्ज ७० व भागभांडवल ३० असे प्रमाण असते. पण धनको आपले हप्ते प्रकल्पाचे आयुष्य संपण्याच्या पुष्कळ आधी वसूल करतो.

एक कल्पित उदाहरण घेऊ. १०० कोटी रुपयांचा प्रकल्प २० वर्षे दरसाल १२.२० कोटी रुपये करोत्तर उत्पन्न देतो. कर्ज नसते तर अपेक्षित परतावा १२ टक्के. कर्ज ७० कोटी, व्याज १० टक्के, कर २५ टक्के, फेड दहा समान वार्षिक हप्त्यांत. आरंभीच्या प्रमाणावरून भागभांडवलाचा खर्च १६.६७ टक्के व सरासरी दर सव्वादहा टक्के येतो. त्या दराने प्रकल्पास २.१२ कोटींचा निव्वळ लाभ दिसतो. आता स्ट्युअर्ट मायर्स यांच्या १९७४ मधील पद्धतीने पाहू. प्रकल्प कर्जाविना उभारला असे मानून १२ टक्क्यांनी वर्तमान मूल्य काढल्यास ८.८७ कोटींची तूट येते. प्रत्यक्ष व्याजावरील करसवलतीचे मूल्य, १० टक्क्यांनी, ६.७५ कोटी. म्हणजे अखेर २.१३ कोटींचा तोटाच! अकराव्या वर्षापासून व्याज नाही, म्हणून सवलतही नाही. सरासरी दर मात्र ती विसाव्या वर्षापर्यंत देत राहतो.

ही पद्धत कर्जाचा परिणाम वेगळा काढून दाखविते, हा तिचा खरा गुण. मोदिग्लियानी व मिलर यांनी १९६३ मध्ये कराविषयी आपल्या मूळ विवेचनात जी दुरुस्ती केली, तिच्याशीही ती सुसंगत आहे. तथापि तीही निर्दोष नव्हे. कर्जबाजारीपणाचा खर्च तिच्यात आपोआप येत नाही; तो वेगळा वजा करावा लागतो आणि तेथे बहुतेक लेखक हात आखडता घेतात. शिवाय करसवलत मिळण्यास करपात्र नफा असावा लागतो. आपल्याकडे आरंभीच्या वर्षांत घसारा व व्याज यांच्या भाराने असा नफा पुष्कळदा उरतच नाही. धंद्यातील तोटा आठ वर्षेच पुढे ओढता येतो. घसाऱ्याच्या न वळत्या झालेल्या भागास ही मुदत नाही. वरील उदाहरणात पहिल्या वर्षीची पावणेदोन कोटींची सवलत चार वर्षांनी पदरी पडली, तर तूट आणखी सुमारे अर्ध्या कोटीने वाढेल.